भात स्वल्प

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. त्यामुळे अप्पांची साखर वाढली म्हटल्यावर त्यांच्या खाण्याचा तक्ता मीच करणार, हे ठरलेलंच होतं. अप्पा एका कंपनीची स्टाफ बस चालवतात. लायसन्स पुढे चालू ठेवायला डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि साखर उतरली नाही तर मी सही करणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. हातात दोन महिने होते.

एक वाजता नाचणीची भाकरी, भाजी, मोडाचे मूग. अप्पांना कन्नडच वाचता येतं, म्हणून सगळं कन्नडमध्ये लिहिलं. शेवटी लाल शाईने: भात स्वल्प. स्वल्प म्हणजे थोडा. आमच्या घरच्या मराठीत हा शब्द कधी येऊन बसला, कुणालाच आठवत नाही.

पाच आठवडे पहाटे उठून मी डबा भरला. डबा रोज रिकामा यायचा, वर धुतलेलाही. पाच आठवड्यांनी रक्त तपासलं, तर साखर आधीपेक्षा जास्त. मी लॅबवाल्याशी भांडले, मग अप्पांशी. तक्त्याबाहेर काही खाल्लं नाही, यावर ते ठाम.

मग एका दुपारी साडेतीनच्या सुमाराला मी कामासाठी शहरातल्या बनशंकरी भागात गेले, तर बस स्टँडमागच्या खानावळीत अप्पा. पुढ्यात केळीचं पान. वाढपी भाताची बादली घेऊन आला की अप्पा अगदी नम्रपणे म्हणत, "स्वल्प, अण्णा." तो वाढी. पान रिकामं झालं की पुन्हा स्वल्प. दारात उभी राहून मी तीनदा ऐकलं. घरात स्वल्प म्हणजे थोडा. खानावळीत स्वल्प म्हणजे आणखी थोडा. शिकलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं.

मी समोर जाऊन बसले. विचारलं, तक्त्यात काय लिहिलंय?

"स्वल्प," अप्पा म्हणाले. "मी वेगळं काय मागितलं?"

वाढपी हसला. मला हसू आलं नाही.

डब्याचं विचारलं तेव्हा कळलं. एक वाजता ते रिंग रोडवर गाडी हाकत असतात. उतरायला मिळतं साडेतीनला, तोवर इंजिनाशेजारी ठेवलेले मूग आंबलेले असतात. डबा ओतून टाकायचा, आणि मला वाईट वाटू नये म्हणून धुऊन आणायचा. मग सांगितलं का नाही, म्हणून मी चिडले.

"मी केव्हा जेवतो, ते तू विचारलंस का?" ते म्हणाले.



घरी येऊन तो तक्ता फाडला. नवा केला, त्यांना विचारून: साडेतीनला चपाती, सुकी भाजी, भाजलेले शेंगदाणे, न आंबणारं सगळं. स्वल्प हा शब्दच काढून टाकला. लिहिलं, भात एक वाटी. दाखल्याला तीन आठवडे उरले होते.

अप्पांनी तो उभ्यानेच वाचला, "सरी", म्हणजे बरं, म्हणत मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेले.

"कोणती वाटी?" आतून आवाज आला.

मी जाऊन पाहिलं. त्यांचा हात आमटीच्या मोठ्या वाडग्यावर होता.