चोक काढा!

आमच्या मोटारीला थंडी वाजायची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्याचं खापर घरातले सगळे आजतागायत माझ्याच डोक्यावर फोडतात.

मोटार मी घेतली वैशाखात. बदली झालेल्या एका साहेबाची, जुनी. अख्ख्या मंगरूळपिरात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे मी थोडा छाती काढून चालायचो. (थोडा म्हणजे बायकोच्या मते फार.) उन्हाळाभर मोटार गुणी वागली. मार्गशीर्ष लागला आणि सकाळी सुरू केली की थडथड, फुरफुर, गचके! दारं हलायची, दिवे हलायचे, आत बसलेल्यांचे दात वाजायचे, आणि मग ती गपकन बंद पडायची. ऊन वर आलं की पुन्हा साळसूद!

आणि त्याच मार्गशीर्षात माझ्या धाकट्या भावाचं, मधूचं लग्न! मुलगी शेलूबाजारची, मुहूर्त सकाळचा. बैठकीत मुलीच्या मामांनी सरळ विचारलं, "नवरदेवासाठी बंडी पाठवू काय?"

बंडी! मोटारवाल्याला बैलांची बंडी विचारतात!

"नवरदेव मोटारीतच येईल," मी सगळ्यांसमोर गरजलो. "नाही आला तर मला नावं ठेवा!" (लोक इतके आज्ञाधारक असतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.)

मग निदान सुरू झालं. मी प्लग घासले, पेट्रोल स्वतःच्या धोतरातून गाळलं. आत्या म्हणाली, "दिष्ट लागली तिले." आमचे मामा वैद्य. त्यांनी बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले आणि सांगितलं, "कफ हाये." मामांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. स्टिअरिंगजवळच्या काळ्या बोंडाचा मात्र कुणालाच संशय आला नाही. साहेबाने ती टोपीसाठी खुंटी ठोकून घेतली असावी असं माझं मत होतं, आणि आत्या तिला पानाची चंची अडकवायची.

लग्नाच्या आदल्या दुपारी मी, आत्या आणि मामा रहीम मिस्त्रीकडे गेलो, तर महाशय वाशीमला जाणाऱ्या प्रवासी सर्व्हिस मोटारीच्या टपावर! मोटार सुटतच होती.

"मिस्त्री! सकाळी लय थरथरते हो!" मी ओरडलो.

"चोक काढा, भाऊ! हिवात आधी चोक काढा!"

"चोक म्हणजे?" मी मोटारीमागे धावत विचारलं. आत्या आणि मामा मागेच राहिले.

"ते काळं बोंड! ज्याच्यावर बुढी चंची लटकवून राह्यली ना, तेच!"

एवढं बोलून मिस्त्री धुरळ्यात गेले. पुढचं एक वाक्य बोलायला काय झालं होतं? पण नाही! आणि दोष कुणाला? मला!

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहतो, तर मोटारीच्या पुढ्यात भलामोठा रांगोळीचा चौक. चार कोपऱ्यांत हळदकुंकू, मधोमध सुपारी.

"आत्या, हे काय?"

"मिस्तरीनंच तं सांगतलं, चौक काढा म्हनून! मुसलमान मानूस, पन किती ध्यान हाये पाह्य त्याले आपल्या रीतीचं!"

मी कपाळाला हात लावतो तोच मागून आल्याचा वास आला. मामा वाफाळती कासंडी घेऊन रेडिएटरचं झाकण उघडत होते.

"मामा! अहो, हे काय?"

"काढा. आलं, तुळस, मिरे. मिस्तरी दोनदा ओरडला ना, हिवात काढा, काढा! मी तं पह्यलेच म्हनलं होतं, कफ हाये." आणि त्यांनी तो मोटारीला पाजलासुद्धा!

मी पोट धरून हसलो. अहो, मॅट्रिक झालेला मी एकटाच होतो त्या अंगणात! मराठी कळणाराही मी एकटाच, अशी माझी खात्री होती.

मोटार सुरू केली. थडथड, फुरफुर! मुंडावळ्या बांधलेला मधू मागे बसून इतका हलत होता, की मुंडावळ्या कानामागे गेल्या. मी ऐटीत चंची बाजूला केली, बोंड धरलं आणि ओढलं. दोन बोटं बाहेर आलं आणि काय सांगू! मोटार शांत. मांजरासारखी घुरघुरायला लागली.

"पाह्यलं का काढ्याचा गुन?" मामा म्हणाले.

"चौकाचा व्हय तो!" आत्या म्हणाली.

मला हे सहन होईना. रोग मी ओळखला आणि श्रेय आल्याला आणि रांगोळीला? शिवाय मिस्त्रीने 'काढा' म्हटलं होतं, 'थोडा ओढा' म्हटलं नव्हतं. अर्धा काढून एवढा गुण, तर पुरता काढल्यावर मोटार उडेल! मी पक्कड घेतली, पाय टेकवला आणि जोर केला.

कट्!

बोंड माझ्या हातात आलं आणि त्यामागून हातभर तार. मोटारीने काळा धूर ओकला, एक उचकी दिली आणि ती बंद पडली. मग हँडल मारलं, ढकललं, विनवलं. काही नाही!

"दादा," मधू रडकुंडीला आला, "मुहूर्त जाईन ना!"

तेवढ्यात कडुनिंबाआडून घुंगरं वाजली. मुलीच्या मामांनी पाठवलेली बंडी! न विचारता! गाडीवान म्हणाला, "मामासायबानं सांगतलं, आडोश्याले उभा राह्य, मोटार बंद पडली का पुढं हो." हा अपमान नाही तर काय? आम्ही चढलो त्या बंडीत, मुकाट्याने, आणि बैल आत्याच्या चौकावरून खुशाल चालत गेले.

मुहूर्त अगदी काठावर साधला. मंगलाष्टकं झाल्यावर फोटोवाला आला आणि म्हणाला, "उभे राहा, फोटो काढतो." संतापाच्या भरात ते बोंड माझ्या मुठीत तसंच राहिलं होतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. तो फोटो आज बैठकीत लावलेला आहे. मधोमध नवरानवरी, आणि कडेला मी, कोट-टोपीत, हातातून तार लोंबतेय.

येणारा प्रत्येक पाहुणा त्या फोटोपुढे थांबतो आणि कौतुकाने विचारतो, "वा! कोणी काढला हो?"

आणि माझी बायको स्वयंपाकघरातून, हातातलं काम न सोडता, ओरडून सांगते, "यायनंच!"