वाडग्यावरचं चुकलेलं पान

मावशीकडच्या फडताळाच्या वरच्या खणात एक काचेचा वाडगा होता, आणि त्यात कधी कुणी काही ठेवलेलं मी पाहिलं नाही. चिवडा नाही, दही नाही, सुटी बटणंसुद्धा नाहीत. मोताळ्याच्या त्या दोन खोल्यांत सुई ठेवायला जागा मिळायची मारामार, पण या वाडग्याला रिकामं बसायची मुभा होती. लहानपणी मी एकदा त्याला हात लावला, तर मावशीनं असे डोळे वटारले की मी अजून विसरलेले नाही.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, भांड्यांवर नावं टाकायचे. मोताळ्यात, धाड गावात, जिथे आठवडी बाजार भरेल तिथे बॅटरीवर चालणारं यंत्र घेऊन बसायचे. नवं भांडं मांडीवर घ्यायचं, यंत्राची थरथरती सुई टेकवायची आणि ठिपक्याला ठिपका लावत देणाऱ्याचं नाव उमटवायचं, खाली तारीख. आमच्याकडे लग्नात नावाशिवाय भांडं देत नाहीत. एवढं दिलं आणि कुणी दिलं हेच कळलं नाही, तर काय उपयोग?

काका गेले. वर्ष होत आलं तेव्हा मावशीनं तो वाडगा स्वतःच खाली काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"तू चित्रकलेची मास्तरीण ना वं. हे कोणाच्या हातचं अन् कवाचं काम हाय, पाहून सांग मले."

"आताच काऊन?"

"मरायच्या आधी समजलं पाह्यजे."

मग तिनं सगळं सांगितलं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती भांडून सोनाळ्याला माहेरी निघून गेली होती आणि अख्खा पावसाळा तिथेच राहिली होती. परत आली, तर काकांच्या पेटीत, जुन्या सदऱ्यात गुंडाळलेला हा वाडगा सापडला. "कोणाचा?" म्हणून विचारलं, तर काका म्हणाले, "गिऱ्हाइकाचा." ते गिऱ्हाईक काही आलं नाही. लग्नाआधी काकांचं धाडच्या एका मुलीशी जमत आलं होतं, हे जावेनं आधीच तिच्या कानावर घातलेलं. मावशीनं दोन्हीची गाठ मारली, वाडगा वरच्या खणात टाकला आणि पुन्हा त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. काका भाजीत मीठ जास्त झालं म्हणाले की "जाय मंग धाडले," असं उत्तर मिळायचं. आम्हाला वाटायचं, बाजाराला जा म्हणतेय. आम्ही खुशाल हसायचो.

"लग्नाच्या आधीचा असन तं तो तिचाच," मावशी म्हणाली. "अन् नंतरचा असन तं..." आणि पदरानं वाडग्याची कड पुसायला लागली.

मला असल्या कामाची खाज आहेच. शिवाय मावशीचा चेहरा बघवत नव्हता. मी वाडगा घेऊन बुलढाण्याला आले.

काचेला काही विचारण्यात अर्थ नव्हता. दोन बाजूंना साच्याची शिवण, बुडाला चांदणी. असले वाडगे बाजारात वर्षानुवर्षं विकले गेले असतील. बोलणार होतं ते वरचं कोरीवकाम. एका बाजूला पानांची एक डहाळी, सगळी ठिपक्यांची. ठिपके काकांचेच होते, ते मला लगेच कळलं. काका यंत्र कलतं धरायचे, त्यामुळे त्यांचा ठिपका गोल न पडता स्वल्पविरामासारखा पडायचा. म्हणजे करणारा सापडला. राहिला काळ.

त्यासाठी मी लोकांची स्वयंपाकघरं पालथी घातली. काकांनी नावं टाकलेली भांडी घरोघर होती आणि प्रत्येकावर तारीख होती. मला आणखी काय हवं होतं! धाडमध्ये एका बाईनं परात उलटी करून दाखवता दाखवता विचारलं, "पोरगी पाह्याले आल्या का भांडे?" मी म्हटलं, भांडीच बरी, चहापोहे करायला लावत नाहीत. तिनं तरी पोहे केलेच. माळ्यावरून पाण्याचे पितळी गुंड उतरले, धान्याचे डबे रिकामे झाले, आणि हळूहळू मला काकांचा हात वाचता यायला लागला. अगदी जुन्या भांड्यांवर त्यांची सुई सुटलेली दिसायची, अक्षराला भलतंच शेपूट फुटायचं. लग्नानंतरच्या तारखांवर मात्र एकही चूक नाही.

आणि वाडग्यावर चूक होती. डहाळीचं वरून चौथं पान बिघडलेलं, टोक सुटून लांब बाहेर गेलेलं. म्हणजे शिकाऊ हात. म्हणजे लग्नाआधीचं काम. म्हणजे धाडची ती मुलगी. बाकीची डहाळी किती पक्क्या हाताची आहे, हे मला दिसत असून दिसलं नाही.

मला काकांचा भयंकर राग आला. माझे इतके लाडके काका, आणि मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही. मावशीला खोटं सांगावं असंही मनात येऊन गेलं, पण तिच्यापुढे खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही.

रविवारी वाडगा घेऊन गेले आणि चहा झाला तरी इकडचं तिकडचंच बोलत बसले. मावशीनं वाडगा उचलला. "लोकायच्या घरोघरी फिरवून आणला, आधी धुते याले," म्हणाली. मोरीपाशी बसली, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि धुतलेला वाडगा उजेडात धरला. तिच्या ओल्या हातावर गोंदण होतं, पानांची एक डहाळी. जन्मभर ते माझ्या डोळ्यांपुढे होतं, पण तिच्या वयाच्या बाईच्या हातावरचं गोंदण मुद्दाम कोण बघतं? वरून चौथ्या पानाचं टोक सुटून लांब बाहेर गेलेलं होतं.

"मावशी, हे पान असं काऊन?"

"गोंदणारीनं सुई लावली अन् म्या हात ओढला. लहान व्हती ना. लग्न झाल्यावर पह्यल्यांदा हात पाह्यला, तं तुहा काका त्या पानाले लय हासला."

मी तिचा हात धरला आणि वाडगा त्याच्या शेजारी नेला. पानाला पान लागलं. तो हात तेव्हा सोनाळ्याला होता आणि काकांनी तो इथे बसून, नुसत्या आठवणीवर, चुकीसकट काचेवर उतरवला होता. जरा दाब वाढला की काचेला तडा जातो. किती जपून केलं असेल त्या माणसानं.

मावशीनं काचेवरच्या त्या पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तं गिऱ्हाइकाचा हाय असं काऊन सांगतलं त्यानं?"

"तू आल्या आल्या त्यांच्या अंगावर गेली असशीन."

"गेलती," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मी तिला जवळ घेतलं. वाडगा तिनं पोटाशी धरला होता, त्यावरचं पाणी आमच्या दोघींच्या अंगावर ठिबकत होतं.

"म्हंजे जिच्या नावानं म्या जन्मभर बोटं मोडले," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ते बाई मीच का वं?"

"हाव मावशी," मी म्हटलं. "तूच."