दंगा नव्हे, हल्ला

दंगा आणि हल्ला यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे का? मला नव्हता, तरी मी गावाचे इंग्रजी अर्ज लिहीत असे.

निजामी राजवटीच्या शेवटच्या साली, खळ्याच्या दिवसांत, निजामाच्या बाजूचे बंदूकवाले गावावर चालून आले. शेजारच्या काकूंचा नवरा त्यांनी खळ्यावरच कुऱ्हाडीने तोडला. बापाला सोडवायला धावलेल्या मुलाला बांधून कळमनुरीच्या कोठडीत नेलं.

मी हैदराबादच्या साहेबाला अर्ज लिहिला: गावात 'रायट', म्हणजे दंगा झाला, काकूंच्या मुलाला सोडावं. हा शब्द इंग्रजी पत्रकांत वाचला होता, जोरकस वाटला. काकूंनी अंगठा दिला. लिहिणाऱ्याला उलट विचारायची आमच्याकडे रीतच नव्हती.

उत्तर आलं: दंगेखोराला सोडता येणार नाही. तोवर कोठडीत मुलाचा हात मोडला होता.

उत्तराचा अर्थ सांगताच काकू कडाडल्या, "दंगा काहून लिवलास रे मुडद्या? दंग्यात दोन्हीकडून मारतेत. माझा माणूस तर ज्वारी उपणून राहिला होता!"

मी 'अटॅक', म्हणजे हल्ला, असं लिहून नवा अर्ज केला आणि आधी पारावर मराठीत वाचून दाखवला. मुलगा सुटला, पण तो हात कायमचा गेला.

तुमच्या नावाने कुणी काही लिहिलं, तर अंगठा टेकण्याआधी ते आपल्या भाषेत मोठ्याने वाचून घ्या.