बॉक्साइटला तांब्याचं माप

किती प्रकरणं हाताखालून गेली, पण बेलपाड्याची ती केस आठवली की आजही मला माझाच राग येतो. तेव्हा मी पनवेल भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो.

सकाळची हजेरी चालू असतानाच बेलपाड्याचा एक शेतकरी आला. शहरासाठी गेलेल्या जमिनीच्या बदल्यात त्याला आणि त्याच्या भावाला एकेक भूखंड मिळाला होता. एक एजंट ते दोन्ही भूखंड मागत होता आणि त्याबदली बॉक्साइटच्या खाणीत भागीदारी देत होता.

“मोटा साठा हाय बोलतो. कागद बी हाय. पन मन नाय भरत, साहेब.”

“सही केलीत?”

“नाय अजून.”

सही नाही म्हणजे गुन्हा नाही. अर्ज ठेवून जा, म्हणालो. ठाण्यात प्रकरण लहान की मोठं हे मुद्देमालावर ठरतं, आणि इथे तर मुद्देमालच नव्हता. अर्ज तीन दिवस फायलीत पडून राहिला.

चौथ्या दिवशी तो पुन्हा आला, एजंटने दाखवलेल्या खाणीच्या अहवालाची झेरॉक्स घेऊन. सही खारघरच्या एका भूवैज्ञानिकाची. त्याला बोलावून मी चांगलंच फैलावर घेतलं.

“साहेब, टनांचा आकडा माझाच आहे,” तो शांतपणे म्हणाला. “पण साठा लहान की मोठा ते ठरवणारा शेवटचा तक्ता माझा नाही. तो तांब्याचा आहे. इतकं तांबं निघालं तर साठा मोठा म्हणतात. बॉक्साइट इतकंच असेल तर लहान. मी ‘लहान’च लिहिलं होतं, ते पान काढलंय.”

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो मी.

एजंटला त्याच दिवशी उचललं. काढलेलं पान त्याच्याच कपाटात मिळालं, पंचनामा झाला. तरी हा बेरड म्हणतो, “आकडा खरा, टेबल पण खरं. वर मेटल कुठला लिहिलाय ते लोकांनी वाचायला नको?”

शेतकऱ्याला सांगितलं, तुमचा भूखंड वाचला. तो हसला नाही.

“माजा वाचला, साहेब. भावाचा नाय. मी अर्ज दिला त्याच्या दुसऱ्या दिशी त्यानं सही केली, मना आज कललं. मी त्याला बोललो होतो, पोलिसांत अर्ज दिलाय, थांब. तो बोलला, खोटा असता तर पोलीस आले नसते काय?”

एजंटने चुकीचं माप लावलं होतं, आणि त्या अर्जाला मुद्देमालाचं माप लावून मीही. फरक इतकाच की त्याला ते ठाऊक होतं. पुढे माझ्या ठाण्यात अर्ज आला की त्याच दिवशी वाचला जायचा. भावाचा भूखंड मात्र मी निवृत्त झालो तेव्हाही कोर्टातच होता.