पंचविसावं नाव

काशिनाथ पाटलाला सुरतेतल्या नवागामात अठ्ठावीस वर्षं झाली, पण तो जिथे राहतो त्याला घर म्हणत नाही. खोली म्हणतो. घर गावाला, अमळनेरच्या पुढे. त्या घराची मागची भिंत गेल्या पावसाळ्यात बसली, पुढच्या ओट्यावर भाऊ भूपेंद्र म्हशीचा कडबा रचतो, तरी घर तेच. नवागामच्या खोलीत फ्रिज आहे, टीव्ही आहे, भिंतीला कमरेइतक्या टाइल्स आहेत. पण ती खोलीच.

नुसतं बोलण्यापुरतं असतं तर चाललं असतं. काशिनाथचे कागदही सगळे गावचे. रेशनकार्ड गावचं, मतदान गावचं, आधारवरही गावाचा पत्ता. खानदेशातून कोणी नवा माणूस गल्लीत आला की काशिनाथनाना त्याला खोली बघून द्यायचे, कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लावून द्यायचे आणि वर एक सल्ला फुकट द्यायचे : "कागद गावनाच ठेवा, भो. सुरत आज शे, उद्या नही." हा सल्ला गल्लीच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू जायचा. बारा मशीनच्या खडखडाटात ज्याचं आयुष्य गेलं, त्याने कुजबुजायचं म्हटलं तरी कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला कळतं.

त्याची मुलगी धनश्री दहा वर्षांची. जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, तेव्हापासून हातपाय ताठ आणि मान डळमळती. डेअरीच्या मागे दोन खोल्यांत अशा मुलांचं केंद्र आहे. चालवतो एक ट्रस्ट, पैसा सरकारी अनुदानाचा. शिकवायला उज्ज्वलाबेन, आठवड्यातून दोनदा व्यायाम करून घेणारा डॉक्टर, आणि मुलांना आणायला एक व्हॅन, जिचं दार दोरीने बांधलेलं. चार वर्षांत धनू तिथे भिंतीला टेकून बसायला शिकली. चमचा तोंडापर्यंत न्यायला शिकली; वाटेत अर्धा भात सांडतो, पण उरलेला तिच्या स्वतःच्या हातचा. आणि नको ते समोर आलं की "नाय" म्हणायला शिकली. हे शेवटचं ती जरा जास्तच शिकली, असं तिच्या आईचं, रंजनाचं म्हणणं. धनू केंद्रात असते तेवढे पाच तास रंजना साड्यांना खडे चिकटवायचं काम करते.

दिवाळीनंतर उज्ज्वलाबेनने पालकांना बोलावून सांगितलं, "अनुदान थांबलंय. दोन महिन्यांत सुरू झालं नाही तर केंद्र बंद."

महापालिकेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे बातमी अनाथ राहिली नाही. तिला लगेच दोन बाप मिळाले. विरोधी पक्षाच्या उमेदवाराने समाजाच्या वाडीत, म्हणजे कार्यालयात, सभा ठेवली आणि सत्तेतले नगरसेवकसाहेब न बोलावता आले. दोघांसाठी दोन सोफे, पालकांसाठी सतरंजी.

"या सरकारने अपंग मुलांच्या तोंडचा घास काढला!" विरोधी उमेदवार गरजला.

"खोटं!" साहेब सोफ्यावरून उठले. "आमच्या सरकारने दिव्यांगांचा निधी वाढवलाय. आकडा वाचू?"

"आकडे नका वाचू, केंद्राला लागणारं कुलूप बघा!"

"तुमच्या वेळी केंद्र तरी होतं का?"

असं पाऊण तास चाललं. अपंग म्हणायचं की दिव्यांग, यावरच वीस मिनिटं गेली. ज्यांच्याविषयी बोलणं चाललं होतं ती मुलं आयांच्या मांड्यांवर होती. त्यातल्या एकाने शू केली तेव्हा साहेबांनी पाय वर घेतले. निधीच्या विषयावर सभेत झालेली प्रत्यक्ष हालचाल तेवढीच.

शेवटी साहेबांनी कागद काढला. नव्या नियमाप्रमाणे केंद्राला अनुदान हवं तर इथल्या पत्त्याची पंचवीस मुलं लागतात. "नवागाम केंद्रात किती? सोळा."

काशिनाथ ताडकन उठला. त्याला माइक लागला नाही. "सोळा कशी, साहेब? सत्तावीस पोरं आहेत! मोजा, इथेच बसलीत. आणि अपंगत्वाच्या दाखल्याशिवाय एकही नाही." त्याने प्लास्टिकच्या फाइलमधून धनूचा दाखला काढला आणि पुढे जाऊन साहेबांच्या हातात दिला. विरोधी उमेदवाराने टाळी वाजवली. काशिनाथच्या खांद्यावर हातही ठेवला.

साहेबांनी दाखला उलटापालटा केला. "काका, आ तो महाराष्ट्रनुं छे. जळगावचा दाखला, गावचा पत्ता. ही मुलगी आमच्या यादीत येणार कुठून?"

"पण राहते इथे! जन्मली इथे!"

खांद्यावरचा हात जरा सैल झाला. "काका," विरोधी उमेदवाराने हळूच विचारलं, "तमारो वोट क्यां छे?"

"गावाला."

हात निघाला. "बरं, पुढचा प्रश्न कोणाचा?" त्याने माइक दुसरीकडे फिरवला. पाऊण तासात त्या दोघांचं एकमत झालं ते याच एका गोष्टीवर.

खरा तडाखा अजून पुढे होता. वाडीच्या दारात चपला शोधताना शेजारचा सुकलाल आडवा आला. त्याचा ललित धनूच्याच वर्गात.

"नाना, आमना दाखला बी जळगावनाच शे."

"मग?"

"मग काय? तुम्हीच तं लई गया व्हतात आमले."

काशिनाथ चपलेत एक पाय घालून तसाच उभा राहिला. खरंच होतं. सहा वर्षांपूर्वी सकाळच्या भुसावळ गाडीने त्यानेच सगळ्यांना नेलं होतं. अकरा मुलं, अकरा आया, चिवड्याची पिशवी, आणि पुढे फाइल घेऊन काशिनाथनाना, जणू वऱ्हाड निघालंय. इथल्या दवाखान्यातही दाखला मिळत होता. पण पोराचा कागद परक्या मुलखात कशाला काढायचा? सत्तावीसातून अकरा गेले, उरले सोळा. साहेबांचा हिशेब बरोबर होता. चीड आली ती याचीच. खोटारडा निघाला असता तर शिवी तरी देता आली असती.

दुसऱ्या दिवशी तो उज्ज्वलाबेनकडे गेला. ती म्हणाली, "नऊ नावं इथल्या पत्त्यावर आणा, नाना. गावच्या रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, इथला पत्ता लावा, मग मुलाचा दाखला इथला करून मिळतो. पंचवीस झाले की नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण उरत नाही."

काशिनाथ अकरा दारं फिरू लागला. प्रत्येक दारात त्याला स्वतःचंच भाषण ऐकून घ्यावं लागलं. "सुरत आज शे, उद्या नही, नाना," एकाने त्याला त्याच्याच आवाजात सुनावलं. नातवाला सांभाळणाऱ्या कलाबाईने विचारलं, मग मला जाळायचंसुद्धा सुरतेतच का? तिला समजवायला तीन चहा लागले. दोघांनी साफ नकार दिला. महिनाभरात आठ जण तयार झाले, गावी जाऊन आले, कागद केले. नऊला एक कमी.

"नववं कोण आणू आता?" काशिनाथ त्या दिवशी रंजनासमोर वैतागला. "लोकांना कळतच नाही! पोरापेक्षा यांना गाव मोठं!"

रंजना साडीवर खडे चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, "अकरा दारं फिरलात म्हणता. दहाच झाली."

"अकरा."

"आपलं धरलं का?"

काशिनाथने बोटांवर दारं मोजली; दहाच भरली. महिनाभर दुसऱ्यांना पटवण्याच्या गडबडीत त्याने स्वतःचं दार मोठ्या हुशारीने चुकवलं होतं.

त्याने भूपेंद्रला फोन लावला. भाऊ म्हणाला, "नाव काढी टाकस? मंग तू आते पाव्हना." आणि म्हशीचं निमित्त करून फोन ठेवला.

अमळनेरच्या कचेरीत खिडकीपलीकडे एक कोवळा कारकून होता. "नाव कमी करायचं कारण?"

"मुलीची शाळा."

"तसं नाही, काका. छापील कारणातलं सांगा. लग्न, मृत्यू किंवा कायमचं स्थलांतर."

"लग्न झालंय. मेलेलो नाही."

"मग तिसरं."

"तात्पुरतं नाही का काही?"

"किती वर्षं झाली सुरतेला?"

"अठ्ठावीस."

कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. हसला नाही, हे काशिनाथला फार लागलं. हसला असता तर भांडता आलं असतं. मागची रांग कुरकुरायला लागली तेव्हा काशिनाथने अर्ज ओढून घेतला, स्वतःच्या हाताने ‘कायमचे’ लिहिलं आणि सही अशी दाबून केली की खालच्या कागदावरही उठली. त्या दिवशी तो गावात गेलाच नाही. परतीच्या गाडीला चार तास होते, ते त्याने स्टेशनच्या बाकावर काढले.

मुदतीच्या तीन दिवस आधी पंचवीस नावांची यादी सुरतेच्या कचेरीत गेली. साहेबांच्या माणसाने ती मोजली, पुन्हा मोजली. "बरोबर आहे. पण आता आचारसंहिता लागली. मंजुरी निवडणुकीनंतर."

"नक्की मिळेल?"

"वर जाईल."

"वर म्हणजे कुठे?"

त्याने पेनाने पंख्याकडे दाखवलं.

ट्रस्टने केंद्राला कुलूप घातलं नाही, एवढं पदरात पडलं. पण व्हॅन थांबली. तेव्हापासून काशिनाथ रात्रपाळी करून येतो, चूळ भरतो आणि धनूला ओढणीने पाठीला बांधून केंद्रात नेतो. दहा वर्षांची पोर, वजन काही कमी नाही.

प्रचार ऐन रंगात आला तेव्हा एका सकाळी दोन्ही मिरवणुका गल्लीत समोरासमोर आल्या. ‘नवागामचं केंद्र आम्ही वाचवलं’ असं दोघांच्याही पत्रकांवर छापलेलं होतं. काशिनाथला पाहून साहेब हात जोडून पुढे आले. आता मतदार यादीतही त्याचं नाव इथलं झालं होतं आणि साहेबांना ते त्याच्याआधी कळलं होतं. "काका, लक्ष असू द्या," म्हणत त्यांनी वाकून पाठीवरच्या धनूपुढे पत्रक धरलं. फोटोवाला तयारच होता.

धनूने मान सावरली. सावरायला तिला वेळ लागतो. तेवढा वेळ साहेब हसरा चेहरा धरून वाकलेले राहिले.

"नाय," धनू म्हणाली.

"केंद्रातच शिकलीय, साहेब!" काशिनाथ लूमवरच्या आवाजात म्हणाला. पलीकडच्या मिरवणुकीतले लोक हसले, म्हणून त्याने त्यांच्या उमेदवाराचं पत्रकही धनूपुढे धरायला लावलं. तेही "नाय".

मग तो थांबला नाही. साडेदहाला उज्ज्वलाबेन हजेरी घेते, आणि हल्ली कचेरीतून कोणीतरी अधूनमधून येऊन डोकी मोजून जातं. पंचवीसातलं एक जरी कमी भरलं तरी पंख्यावरचा कागद कधीच खाली यायचा नाही.