काठी जयमालाची, पसंती गड्यायची

जानेफळात कोनाले दांडा घ्याचा असला का अब्दुल गनीले बलावतात. कुऱ्हाडीचा असो का फावड्याचा. गनीभाऊ लाकूड गुडघ्यावर ठेवून दाबीन, कानापाशी नेऊन टिचकी मारीन अन् म्हनन, "घे, तुहा नातू वापरन." गुडघ्यावर जराकसं वाकलं का ते लाकूड त्याच्या लेखी चुलीचं. ह्या बाबतीत गनीभाऊ चुकला असं म्हनाची गावात कोनाची छाती नाही.

म्हनूनच जयमालानं मासे धराची काठी घ्याचं ठरवलं, तवा तिचा नवरा हिंमतराव गनीले संग घेऊन निंगाला. जयमालाले कोनी इचारलं नाही. काठी तिची, भाजीच्या पाटीचे पैसे तिचे, हौस तिची, अन् पारखी मातर नवऱ्यानं आनला!

हे हौस आली कुठून? तं तलावाच्या काठाले तिचा वांग्याच्या वावराचा तुकडा हाय. दिवाळीच्या आंगं-मांगं अकोल्याचे दोन पोट्टे तिथं काठीच्या दोऱ्याले गळाचा रबरी बेडूक बांधून मास्यायसाठी फेकून राह्यले होते. जयमाला वांगे तोडाचे सोडून पाहत उभी राह्यली. त्याईतला एक म्हने, "मावशी, फेकता का?" तिनं फेकला. बेडूक बेशरमाच्या झुडपापाशी पडला, पान्यावरून टुनटुन उड्या मारत आला, अन् भसकन मरळीनं गिळला. काठी अशी वाकली का शेंडा पान्याले टेकला. मरळ सुटली, पन जयमालाची झोप घेऊन गेली. पोट्ट्यानं तिले सांगतलं होतं, "बेडूक हलका असते मावशी. त्याले हात नाही फेकत, काठीचा शेंडा फेकते. शेंडा वाकला नाही तं बेडूक जात नाही."

मेहकरच्या दुकानात ती हेच सांगाले गेली, "मले वाकनारी पाह्यजे."

"तू गप वं," हिंमतराव म्हने. "काठी वाकली म्हंजे कामातून गेली. गनीभाऊले लाकडाचं शिकवतं का?"

"ते लाकूड नोहे."

"मंग काय लोखंड हाय?"

गनीनं एकेक काठी गुडघ्यावर दाबून पाह्यली. वाकली का बाजूले. वाकली का बाजूले. शेवटी दुकानदारानं मांगून एक जाडजूड काढली. "हे समुद्रावरची हाय, भाऊ. वीस किलोचा मासा ओढते."

गनीनं दाबली. हलली नाही. टिचकी मारली. "हां! हे काठी!"

गनीनं हिंमतरावच्या हाती देल्ली, हिंमतरावनं दुकानदाराच्या. तीन गड्यायच्या हातातून फिरली, जयमालाच्या हाती काही आली नाही. दुकानदार इचारते, "मासे धरनार कोन? तुमी का हे भाऊ?" हिंमतरावनं हनुवटीनं बायकोकडे दावलं. दुकानदार हासला. "मंग तं मजबूतच द्या लागन. लेडीज लोकं आपटतात."

जयमालाच्या टाळक्यात आग गेली. झाडू घेतानी बाई झाडू आपटून पाहते, मडकं घेतानी वाजवून पाहते, कोनी अडवत नाही. कारन घर झाडाचं अन् पानी भराचं बाईलेच असते. अन् इथं पैसे मोजाले तेवढी बाई चालते! पन भर दुकानात नवऱ्याचा पानउतारा कायले, म्हनून तिनं राग गिळला. तेवढीच तिची चूक.

दुसऱ्या दिवशी तलावावर हिंमतराव अन् गनीच्या समोर तिनं बेडूक फेकला. तो तिच्याच पायापाशी पडला. पुन्हा फेकला, पुन्हा तिथंच. बांधावर म्हशी चारनारे दोघं-तिघं जमले. "वैनी, मासा काय चालत येनार हाय का घ्याले?"

"दे इकडे," म्हनत हिंमतरावनं काठी हिसकली. दोन्ही पाय रोवून, वखराच्या बैलाले हानावा तसा झटका मारला. तंगूस, म्हंजे काठीचा नायलॉनचा दोरा, बेडकाच्या गाठीपाशी सुटला. बेडूक एकटाच उडाला अन् बेशरमात जाऊन बसला.

"बाईच्या हातची गाठ," हिंमतराव लोकायकडे पाहून म्हने. "सुटनारच."

मंग मातर जयमालाचं तोंड सुटलं. "गाठ कोनं मारली होती? तुमी! काठी कोनं निवडली? तुमी! फेकली कोनं? तुमी! मंग मी हाये कायले इथं, खापर फोडाले?"

म्हशीवाले हासाचे थांबले. गनी डोकं खाजवत म्हने, "वैनी, म्या दांडा पाह्यला. छडी पाहाची होती."

"तुमी काही पाहा, गनीभाऊ. माह्या हाती काऊन नाही देल्ली?"

गनीनं कान धरला. हिंमतराव सुटलेला तंगूस गुंडाळाले लागला.

बजाराच्या दिवशी ती काठी घेऊन एकटीच मेहकरले गेली. दुकानदार म्हने, "भाऊ नाही आले?"

"भाऊले मासे खाता येतात. धराची मी हाये. हे वापस घ्या."

"वापरलेली वापस होत नाही, बाई. तुमाले इकली, इषय संपला."

"मले?" जयमालाचा आवाज रस्त्यावर गेला. चार गिऱ्हाइकं वळून पाहाले लागले. "तुमी मले कवा इकली? ज्याईनं दाबली त्याईले इकली. मले तं तुमी हात बी लावू देल्ला नाही. माह्या हाती आजलोक काही इकलंच नाही तुमी!"

गर्दी वाढाले लागली तसा दुकानदार हळूच म्हने, "मावशी, पाहा बाप्पा तुमाले पाह्यजे ते."

तिनं सगळ्या काठ्या उतरवाले लावल्या. एकेकीच्या शेंड्याले दुकानातला रबरी बेडूक टांगून हलवून पाह्यला. एकीचा शेंडा बेडकाच्या वजनानं झुकला अन् झटक्यासरशी परत उभा राह्यला, बूड मातर हाताशी घट्ट. "हे."

"हे नाजूक हाय, लेडीज..."

"मरळ काय हात पाहून गिळते का?"

दुकानदारानं जुनी काठी ठेवून घेतली अन् हे बेडकासंग बांधून देल्ली.

सकाळी तलावावर बेडूक थेट बेशरमापाशी जाऊन पडला. तिसऱ्या का चौथ्या फेकीले भसकन आवाज आला. काठी कमानीवानी वाकली. हिंमतराव बांधावरून ओरडला, "मोडन! सोड! दे इकडे, दे!" जयमालानं त्याच्याकडे पाह्यलंच नाही. मरळ काठावर ओढून आनली, कोपरापासून बोटालोक लांब.

अन् हिंमतराव गेला चहाच्या टपरीवर. तिथं सांगत बसला, "काठी म्याच निवडून देल्ली. बायकायले काय समजते त्याच्यातलं?" जयमाला घरी पोचाच्या आंधी हे तिच्या कानावर आलं.

राती तिनं मरळीचा झनझनीत रस्सा केला. वाटीभर गनीच्या घरी धाडला. त्यानं निदान चूक कबूल केली होती. स्वताले वाढून घेतलं. हिंमतरावच्या ताटात भाकर अन् बेसन वाढलं.

"अन् रस्सा वं?"

"तुमी निवडलेली काठी मेहकरच्या दुकानात हाय," जयमाला काटा काढत म्हने. "तिले लागलेला मासा तिथंच असन. जा, खाऊन या."