नदी सगळ्यांची, बांध आमचा

पंचगंगेकाठी आमच्या उसाच्या बांधावरून नदीला जायची जुनी वाट होती. गौरी आणायला गल्लीतल्या बायका तिथूनच जायच्या. मी शाळेत असताना, ऊस मोडतात म्हणून वडिलांनी त्या वाटेवर काटेरी तार ठोकली. बायका भांडायला आल्या, तर म्हणाले, "नदी सगळ्यांची हाय की. बांध माझा हाय." बायका कळशा घेऊन लांबच्या रस्त्यानं गेल्या. आमची आईसुद्धा त्यांच्याबरोबर गेली.

काही वर्षांनी आम्ही रत्नागिरीकडं समुद्र बघायला गेलो. किनाऱ्याच्या वाटेवर एका हॉटेलनं फाटक घातलं होतं. वडील तिथल्या राखणदारावर उखडले, "समुद्र काय तुझ्या मालकाचा हाय व्हय?" तो शांतपणे म्हणाला, "समुद्र सगळ्यांचा, काका. वाट मालकांची आहे."

आम्ही गावाकडं परत निघालो. मला वाटलं, आता तार निघणार. निघाली नाही. त्यांचा मला इतका राग आला की पुढं कितीतरी वर्षं मी ही गोष्ट ज्याला त्याला सांगत सुटलो.

आता वडील नाहीत, सातबाऱ्यावर माझं नाव आहे. जुनी तार गंजून तुटली, तेव्हा नवी मीच बसवली. ऊस मोडतात हो.